भरदुपारची संध्याकाळ

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, ही काय कपाळ गोष्ट सांगणार! मी एक जुनी लाकडी फळी आहे. चार बोटे जाड, हातभर रुंद, आणि मधोमध वाटीएवढा खड्डा पडलेली. समुद्राकाठच्या एका लहान मठात, वळचणीखाली, मी दोन दोरांवर टांगलेली आहे. मठातल्या भिक्षुणी मला 'हान' म्हणतात. दिवसातून दोनदा मोगरीचा मार खाणे हेच माझे काम.

मी मूळची मठामागच्या केयाकीच्या झाडातली. वादळात झाड पडले, सुताराने मला कापून काढले, रंधा मारून गुळगुळीत केले. मग त्या वेळच्या थोरल्या भिक्षुणीने जाड कुंचल्याने माझ्यावर लिहिले, 'दिवस गेला. कुणी पाहिला?' लोक ते वाचून हात जोडत. ते हात मलाच जोडले आहेत, असे मी कितीतरी वर्षे धरून चालले होते.

मला वाजवण्याची वेळ घड्याळावर ठरत नाही. पहाटे तळहाताच्या रेषा दिसू लागल्या की वाजवायचे आणि संध्याकाळी त्या दिसेनाशा झाल्या की वाजवायचे. आधी सावकाश, मग भराभर, मग पुन्हा सावकाश, असे तीन फेरे. तेवढ्यात सगळ्यांनी आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. उदबत्ती जळेपर्यंत बोलायचे नाही, वळून पाहायचे नाही. शेवटी घंटा झाली की उठायचे. आणि एकदा मी वाजले की बसलेच पाहिजे. चुकून वाजले, ही सबब तिथे चालत नाही.

संध्याकाळी बसायला जिवंत माणसे येतात, तशी समुद्राने परत न दिलेली माणसेही येतात. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी त्याची चर्चा करत नाही. त्यांच्यासाठी उत्तरेच्या भिंतीशी सात गोल गाद्या मांडतात. तिसऱ्या फेऱ्याला फाटकाची कडी हलते. वारा नसतो. अंगणातल्या खडीवर पावले वाजतात, पण एकही खडा जागचा हलत नाही. घंटा झाली की तीच पावले परत जातात आणि गाद्या ओल्याचिंब झालेल्या असतात.

त्या वाळत घालण्याचे काम जिकेईचे. ही पन्नाशीची भिक्षुणी पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती आणि तिचा आवाज अजून बसमध्येच होता.

"येतात ते येऊ देत," ती माझ्यासमोर गादी पिळत करवादायची, "पण जरा अंग पुसून यायला काय होतं यांना!"

गाद्या सात, पण ओल्या व्हायच्या सहाच. सातवी गादी आताच्या थोरल्या भिक्षुणीने, जोएनमाईंनी, आपल्या हाताने शिवली होती, नवऱ्याच्या जुन्या निळ्या कपड्याची. त्यांचा नवरा तोकुजो मासेमारीला गेला तो परत आला नाही. त्या सकाळी दोघांचे भांडण झाले होते. आमटी खारट झाली, एवढेच कारण. तो होडीकडे निघाला तेव्हा जोएनमाई दारातून ओरडल्या होत्या, "परत नाही आलात तरी चालेल!" तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. त्या वर्षीच त्यांनी डोके भादरले आणि मठात आल्या. सातवी गादी आपल्या शेजारी मांडली. बावन्न वर्षे ती कोरडी राहिली.

मित्रांनो, याच जोएनमाईंकडे शांतीसाठी लांबून माणसे यायची. त्या कागदाच्या पट्टीवर दोन ओळी लिहून द्यायच्या. सुकी मासळी विकणाऱ्या तोमेमावशींना त्यांनी लिहून दिले होते, 'मनात आलेलं सगळं घरात घेऊ नये.' मावशींनी ती पट्टी मासळीच्या खोक्यावर चिकटवली आणि सुनेशी भांडणे बंद केली, असे सून सांगते. ज्याला त्याला निजायला उशी मिळावी तशी माईंची ओळ मिळायची. माणसे गेली की माई माझ्यापाशी येत, माझ्या खड्ड्यात हात ठेवत.

"सगळ्यांना वाटून झालं बघ," त्या म्हणत. "मलाच काही उरलं नाही."

मला फार वाईट वाटायचे. कारण मला आतले दिसायचे. सगळ्यांचे डोळे भिंतीकडे असत आणि माईंचे तिरप्या नजरेने सातव्या गादीवर. त्या एकदाही खऱ्या अर्थाने बसल्या नव्हत्या. बसायला नव्हे, वाट पाहायला यायच्या.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. त्यांनी कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर जिकेईने शहरात नेऊन शस्त्रक्रिया करवली असती. चार दिवस मठाबाहेर राहावे लागले असते, आणि नेमका त्याच चार दिवसांत तो आला असता तर? म्हणून त्या चाचपडत राहिल्या. संध्याकाळी मला वाजवायच्या त्याच; त्यांना रेषा लवकर दिसेनाशा होऊ लागल्या आणि मी लवकर वाजू लागले.

"काय हो माई," तोमेमावशींनी एकदा फाटकातूनच टोमणा मारला, "तुमच्या मठात संध्याकाळ हल्ली एक बस आधीच येते वाटतं? आमची मासळी वाळायचीय अजून!"

"डोंगराची सावली पडते गं," माई म्हणाल्या.

आणि एका शरद ऋतूतल्या दिवशी, जेवण करून माईंचा डोळा लागला. उठल्या तशा त्या पायरीवर आल्या. वळचणीच्या सावलीत तळहात डोळ्यांशी धरला. एकही रेषा दिसली नाही. त्यांनी मोगरी उचलली. अंगणात ऊन रखरखत होते. मला गप्प राहायचे होते हो, पण लाकडाला ते जमत नाही.

जिकेई हातातला मुळा घेऊन विहिरीवरून धावत आली. "माई! अहो, काय करताय? दीड वाजलाय! माझी सावली माझ्या पायाशीच आहे अजून!"

मोगरी थांबली. "ऊन आहे?"

"ऊन आहे म्हणून काय विचारता? डोळे कधीपासून गेलेत तुमचे?"

माईंनी उरलेला फेरा पुरा केला. "वाजलं ना? मग बसायचं," त्या म्हणाल्या.

जिकेई आणखी काही बोलणार होती. पण फाटकाची कडी हलली आणि तिच्या हातातला मुळा खाली पडला. दोघी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

इतकी वर्षे मी त्यांची नुसती पावले ऐकली होती. त्या दिवशी उजेड होता. ओले कपडे, केसांत अडकलेले शेवाळ, खालच्या खडीवर कुणाचीच सावली नाही. एकामागून एक सहाजण माझ्याखालून वाकून आत गेले. माझे दोर थंड पडले. मागून सातवा आला. डावा कान अर्धा तुटलेला, अंगात निळा सदरा. तो सरळ सातव्या गादीपाशी गेला आणि तिला ओलांडून पुढे गेला. माईंच्या मागे, त्यांच्या पाठीला पाठ लावून तो खाली बसला.

जिकेईने नियम मोडला. ती वळून पाहत होती.

"माई," तिचा कंडक्टरचा आवाज कुठच्या कुठे गेला होता. "गादी कोरडीच आहे. पण तुमच्या पाठीशी कुणी बसलंय."

"कोण?"

"निळा सदरा आहे. डावा कान अर्धा."

"गळ लागून तुटला होता," माई पुटपुटल्या. "रागावलेत का गं?"

"नाही हो. डोळे मिटून बसलेत." जिकेई थोडी पुढे सरकली. "माई, त्यांच्याखालची चटई पार कुजलीय. मी मेली दरवर्षी छप्पर गळतंय म्हणून कौलं बदलून घेत होते! हे आजचं बसणं नाही. कितीतरी वर्षं इथेच बसतायत."

माईंच्या गालांवरून पाणी वाहू लागले. "आणि मी बावन्न वर्षं शेजारी बघत राहिले," त्या म्हणाल्या.

त्यांनी वळण्यासाठी जमिनीवर हात टेकला. मी भ्याले. आपल्याच गेलेल्या माणसाकडे वळून पाहिले तर काय होते, हे कुणालाच माहीत नाही, कारण आजवर कुणी पाहिले नव्हते. पण त्यांनी तो हात उचलून मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून ताठ बसल्या. पहिल्यांदाच त्यांचे डोळे समोर होते.

उदबत्ती संपली. घंटा माईंच्याच हाताशी होती. ती वाजली की सगळ्यांनी उठून जायचे. त्या वाजवीनात.

"माई, काडी संपली," जिकेई कुजबुजली. ऊन दारातून आत सरकत होते आणि ते जिथे पोचले तिथला पहिला माणूस विरळ होऊ लागला होता, उकळत्या पाण्याच्या वाफेसारखा. सहाही जण अस्वस्थ होऊन हलत होते. सातवा हलला नाही. पाणी जमिनीवरून वाहत पायरीपर्यंत आले.

"माई, त्यांना जाऊ द्या हो! सगळेच उन्हात विरून जातील नाहीतर!"

माईंनी पाठ थोडी मागे टेकवली. "अहो," त्या अगदी घरातल्या आवाजात म्हणाल्या, "रागात बोलले होते मी. आमटी खारटच झाली होती. आता उठा, ऊन लागतंय तुम्हाला."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने घंटा वाजवली.

खडीवर सातही जणांची पावले वाजली. जिकेईने माईंच्या पाठीला हात लावला. कपडा मीठपाण्याने भिजला होता.

त्याच संध्याकाळी माईंनी मोगरी जिकेईच्या हाती दिली. पुढल्या आठवड्यात त्या शहरात गेल्या, चार दिवस बिनघोर राहिल्या. एका डोळ्याने पुन्हा दिसू लागले. पण बसताना त्यांनी कधीच बाजूला पाहिले नाही. जिकेईलाच राहवायचे नाही.

"माई, आज आलेत का ते, सांगू?"

"गप. भिंतीकडे बघ."

लोकांना पट्ट्या लिहून देणे त्यांनी बंद केले. कुणी शांती मागायला आले की त्या म्हणायच्या, "बसा थोडा वेळ माझ्याबरोबर." माणसे तेवढ्यावर हलकी होऊन जात. दोन हिवाळ्यांनी, आपल्या अंथरुणात, माई गेल्या. आता त्या कुजक्या चटईपाशी रोज दोन जागा खचलेल्या दिसतात. एक ओली असते. दुसरी कोरडी, आणि हात लावला तर उबदार.

मित्रांनो, माझ्यावरची अक्षरे मारात पुसून गेली आहेत. खड्डा आरपार व्हायला आला आहे. नवी फळी सुताराकडे तयार आहे, मी न्हाणीघराच्या चुलीत जाईन. मला जपा, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरातही कुणीतरी रोज न बोलता तुमच्या मागे येऊन बसत असेल, आणि तुम्ही भलतीकडेच त्याची वाट पाहत असाल. त्याच्याशी भांडण उरले असेल तर आजच बोलून टाका. आणि एखाद्या संध्याकाळी घरात कुणी नसताना पाठीला गार लागले, तर दचकून वळू नका. थोडे पुढे सरका आणि बसायला जागा द्या.