परदेशी मॅनेजर येणार

भांडायला निमित्त लागतं म्हणतात. केजच्या माणसाला तेवढंसुद्धा लागत नाही. त्या दिवशी हरिबाच्या हॉटेलात पहिली कानाखाली वाजली ती परदेशी माणसाला ज्वारीची भाकर पचेल का, या प्रश्नावर. मारणारा राधाकिशन, खाणारा हनुमान, आणि दोघंही एकाच क्लबचे, एकाच झेंड्याखाली घसा फोडणारे.

झालं होतं असं. केजला बालाघाट फुटबॉल क्लब नावाचा एक क्लब आहे. हसू नका. क्रिकेटच्या या मुलखात फुटबॉल खेळणारी अकरा पोरं आणि त्यांच्यापायी डोकी फोडून घेणारे शे-दीडशे येडे तिथं आहेत. गेल्या आठवड्यात अंबाजोगाईच्या संघानं त्यांच्याच मैदानावर येऊन त्यांना पाच गोल हाणले, तेव्हापासून कुणाला अन्न गोड लागत नव्हतं. क्लबचे अध्यक्ष विजयसिंह. जमीनदार माणूस, पुढाऱ्यांत ऊठबस. त्यांनी चारचौघांत शब्द दिला होता, की आता बाहेरचा मॅनेजर आणतो. आणि त्या दुपारी क्लबच्या ग्रुपवर त्यांचा आवाज आला, "मंडळी, आपल्या क्लबला परदेशी मॅनेजर मिळाले. उद्या सकाळी येतील. मैदान झाडून ठेवा." एवढं बोलून साहेब मुंबईला निघाले आणि त्यांचा फोन बंद झाला.

बस्स. मोहोळावर दगड बसला.

"गोरा आसंल बे," हनुमान म्हणाला. हा हनुमान रिक्षा चालवायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं एक मत असायचं. "गोरा आला तर समजा कल्याण. ठेचा खाल्ला की दुसऱ्या दिवशी इमानात बसतंय बघा. भाकर पचवायला जलम इथं घ्यावा लागतो."

"न्हाई पचली तर मी भात करून घालीन त्याला," राधाकिशन म्हणाला. "तू कावून अपशकून करतो?"

"अपशकून कसला? खरं बोललो. अन त्याची भाषा तुला कळायची हाय का? तुला तर तलाठ्याची कळत न्हाई."

सगळे हसले. आणि राधाकिशननं ठेवून दिली. हनुमानच्या हातातला चहा त्याच्याच मांडीवर सांडला आणि तो बोंबलत उठला. हरिबा गल्ल्यावरून ओरडला, "भाईर जाऊन मरा रं!" पण कोण ऐकतो?

राधाकिशन काही मुळातला मारकुटा नव्हता. मॅचच्या दिवशी मैदानाच्या कडेनं क्लबचा झेंडा नाचवणारा तो गडी. झेंड्याचा बांबू त्यानं स्वतः तोडून, तासून, तेल पाजून केलेला. पण त्या दुपारपासून त्याच्या जिवाची नुसती कालवाकालव चालली होती, आणि त्याला कारण होता त्याचा धाकटा भाऊ राम.

दरवर्षी दिवाळी झाली की राधाकिशन आणि त्याची आई चंद्रभागाबाई कारखान्यावर ऊस तोडायला जात. रामला त्यांनी कधी नेलं नाही. पोरगं वाऱ्यासारखं पळायचं, पायात चेंडू आला की मागच्यांना धूळ चारायचं. राधाकिशननं त्याच्यासाठी आण घेतली होती, की याच्या हातात कोयता येऊ द्यायचा नाही. पण औंदा आईची कंबर गेली. मुकादमानं सांगितलं, एकट्याला घेणार नाही, म्हातारीच्या जागी भावाला आण. म्हणजे दिवाळीच्या आत कुण्या मोठ्या संघानं रामला उचललं तर उचललं, नाहीतर पोरगं उसात. एकदा उसात गेलेला माणूस काय होतो ते राधाकिशनला आरशात रोज दिसत होतं.

आणि मोठा संघ उचलणार कसा? क्लबचा मॅनेजर धर्मराज. बाजारात पंक्चरचं दुकान, तरुणपणी मोठ्या मैदानावर खेळलेला, पोरांना फुकट शिकवायचा, पोरं त्याला मास्तर म्हणायची. या धर्मराजनं रामला कधी पुढं खेळवलंच नाही. गोलापाशी उभं करायचं आणि कडेनं ओरडायचं, "मागं राहा, राम, मागं राहा!" पुढं खेळायचा कोण, तर धर्मराजचाच पोरगा प्रविण. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ते "मागं राहा" राधाकिशनच्या कानात शिसं ओतल्यासारखं जायचं.

म्हणून तो परदेशी माणूस त्याला देवासारखा वाटत होता. आलाच पाहिजे होता तो.

हनुमान मांडीवर पाणी मारत होता तेवढ्यात प्रविण हॉटेलात आला. विशी-बाविशीचा पोरगा, जरा लंगडत चालणारा. अंबाजोगाईच्या मॅचमध्ये नडगी फुटली होती, टाके अजून ओले होते. त्यानं ग्रुपवरचा आवाज ऐकला होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते.

"कोण नाचतंय गोऱ्याच्या नावानं?" तो म्हणाला. "माझ्या बापानं सगळं आयुष्य घातलं ह्या क्लबात. पोरांचे बूट शिवले. दुकान बंद ठिवून पोरं पळविली. अन आता बाप भाईर, गोरा आत? लाज न्हाई वाटत?"

"लाज?" राधाकिशन उठला. झेंड्याचा बांबू भिंतीला टेकवून ठेवला होता, तो त्यानं नकळत हातात घेतला. "लाज तुझ्या बापानं ठिवली का? तू पुढं, अन माझा भाऊ मागं खांबावाणी उभा! गोल किती केले तू सालभरात? सांग ह्यांना!"

"गोल?" प्रविणनं पँट गुडघ्यापर्यंत ओढली आणि पाय बाकड्यावर आपटला. नडगीवर कातडी कमी आणि खपल्या जास्त. "हे बघ. मोज."

"खपल्या दाखवून गोल होत न्हाई. ऐका रं सगळे!" राधाकिशनचा आवाज चढला. "आपल्यात पोरगं चेंडू घेऊन पळालं की पहिला सवाल काय? कुणाचा रं तू? बाप कोण, सोयरा कोण, गल्ली कुठली. परदेशी माणूस कुणाचा पोरगा इचारत न्हाई! त्याला काय कळतंय आमी कुणाचे? त्यो पाय बघंल. नुसते पाय! म्हणून पायजे परदेशी!"

"अन तुझ्या रामचे पाय बघून काय करंल? ऊसच तोडायचाय की त्याला!"

हे प्रविणनं बोलायला नको होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ते वाक्य तोंडातून निघालं आणि राधाकिशनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानं बांबू आडवा धरून प्रविणला छातीवर ढकललं. प्रविण बाकड्यावरून मागं पडला, पडता पडता त्यानं चहाचा ग्लास उचलून फेकला आणि तो राधाकिशनच्या भुवईवर फुटला. रक्त डोळ्यात उतरलं. मग कशाला कोण विचारतो? हनुमानला मघाचं उट्टं काढायचंच होतं, त्यानं मागून राधाकिशनच्या कमरेला मिठी मारली. राधाकिशननं मान मागं झटकली आणि हनुमानच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. हॉटेलात दोन तट पडले. गोरा पाहिजे म्हणणारे एकीकडं, धर्मराजचे दुसरीकडं, आणि कशाचंच काही नसलेले दोन्हीकडं हात धुऊन घेत होते. बाकडं उलटलं. कुणीतरी कुणाच्या हाताचा कडाडून चावा घेतला. हरिबा भज्यांचा तापलेला झारा घेऊन मधे घुसला, तो वेगळाच ओरडत, "आरं माझी कढई! आरं तेल हाय त्यात!" आणि त्यानं ज्याच्या पाठीवर झारा टेकवला त्याची किंकाळी पार तहसीलपर्यंत गेली.

भांडण रस्त्यावर आलं. प्रविणनं राधाकिशनला खाली पाडलं आणि उरावर बसून तोंडावर बुक्क्या घातल्या, एक, दुसरी, तिसरी. राधाकिशनचा दात ओठात घुसला. त्यानं हात खाली नेला, प्रविणच्या नडगीवरचे ओले टाके त्याच्या बोटांना लागले, आणि त्यानं ते धरून ओढले. हो, ओढले. माणूस असंही करतो. प्रविण गुरासारखा ओरडला आणि बाजूला कलंडला.

राधाकिशन उठला. बांबू उचलला. एका डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं, दुसऱ्यानं सगळं लाल दिसत होतं. आणि तेवढ्यात गर्दी फाटली आणि समोरून धर्मराज धावत आला. त्याच्या मागं राम. दोघं मैदान झाडत होते, तिथं कुणीतरी सांगत गेलं असणार. धर्मराजच्या हातात खराटा तसाच होता, आणि पोरांना थांबवायला म्हणून त्यानं तो हात वर केलेला होता.

"थांबा रं येड्यांनो!" धर्मराज ओरडला. त्याला धाप लागली होती. "आरं, कशाचा गोरा? परदेशी म्हंजे..."

राधाकिशनला वर केलेला हात दिसला. आता हा परदेशी माणसालाही नाट लावणार, हेच त्याच्या डोक्यात आलं. धर्मराजचं पुढचं वाक्य त्याला ऐकायचंच नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी बांबू फिरवला.

धर्मराज सरळ खाली बसला. मग आडवा झाला. खराटा हातातच होता. कानातून रक्ताची बारीक धार आली आणि धुळीत मुरत गेली. झेंड्याचं फडकं त्याच्या छातीवर पडलं होतं. 

"आबा!" प्रविण रांगत आला आणि त्यानं बापाच्या कानावर तळहात दाबला, बाहेर चाललेलं सगळं पुन्हा आत घालायचं असल्यागत. रामनं मास्तरचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं भावाकडं बघितलं ते बघणं राधाकिशनला सहन झालं नाही.

"राम, आरं, तुझ्यासाठीच..."

"आजपास्नं मी तुझा कुणी न्हाई," राम म्हणाला. मोठ्यानं बोलला नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. मग त्यानं आणि प्रविणनं मिळून धर्मराजला कुणाच्या तरी जीपमध्ये घातलं आणि जीप अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याकडं सुटली. राधाकिशनला कुणी धरलं नाही. सगळे त्याच्यापासून चार हात लांब सरकले, तेवढंच.

रात्र त्यानं उसात काढली. ज्या उसापासून भावाला वाचवायचं होतं त्याच उसात. सकाळी तो बसस्टँडच्या कोपऱ्यावर आला. पोलीस घरी येऊन आईला विचारून गेल्याचं त्याला वाटेत कळलं होतं. मिळेल त्या गाडीत बसायचं आणि तोंड काळं करायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. मास्तर जगला का मेला हे विचारायचं धाडस त्याला झालं नव्हतं. अंगात कालचाच शर्ट होता.

जालन्याची गाडी आली. तिच्यातून एक साठीचा माणूस उतरला. रंगानं तव्यासारखा, अंगात जुना ट्रॅकसूट, खांद्यावर जाळीत बांधलेले फुटबॉल. उतरल्या उतरल्या त्यानं तंबाखू मळली, दाढेखाली सारली आणि राधाकिशनपाशी आला.

"बाबा, बालाघाट क्लबचं मैदान कुण्या अंगाला हाय?"

राधाकिशननं चेंडूंकडं बघितलं. "तुमी कोण?"

"मी परदेशी. नवा मॅनेजर."

"परदेशी?"

"आडनाव हाय बाबा आमचं." माणूस हसला. "आमचे पूर्वज कधीकाळी तिकडून उत्तरेतून आले, लोकांनी परदेशी म्हणलं, ते चिकटलं ते चिकटलंच. मी तर जलमलो जालन्यात अन भाकरीबिगर माझं पोट भरत न्हाई."

राधाकिशननं भिंत धरली. त्याच्या तोंडातून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला आणि फुटलेला ओठ पुन्हा वाहायला लागला.

"पडलास का कुठं?" परदेशींनी विचारलं. मग आपलंच बोलत राहिले. बोलका माणूस. "मी कशाला येतो ह्या वयात? पण तुमच्या धर्मराजनं पाठच सोडली न्हाई. आमी एका संघात खेळलो. म्हणला, एक पोरगं हाय, सोनं हाय, माझ्याच्यानं आता त्याला पुढं नेणं व्हायचं न्हाई. अध्यक्षाला त्यानंच माझं नाव दिलं. दिवाळीच्या आत त्या पोराला मोठ्या संघाच्या निवडीला न्यायचंय मला, बोलून ठिवलंय."

"पुढं?" राधाकिशन म्हणाला. "पण त्यो तर त्याला मागंच..."

"मागं ठिवलं म्हणून तर पाय शाबूत हायेत! इकडं पुढच्या गड्याला खेळू देत्यात का? कुऱ्हाडीवाणी लाथा घालत्यात नडगीवर. धर्मराज मला म्हणला, त्या पोराचे पाय मोडले तर त्याला उसाबिगर काय हाय? म्हणून त्याला मागं झाकून ठिवलं, अन लाथा खायला सोताच्या पोराला पुढं उभं केलं. कोण करतं बाबा असं? मी तर न्हाई करणार." परदेशींनी पिंक टाकली आणि चेंडूंची जाळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "राम का काय नाव त्याचं. तू ओळखतो का? कुणाचा हाय त्यो?"

कुणाचा. राधाकिशननं तोंड उघडलं. "माझा" हा शब्द जिभेवर आला आणि तिथंच राहिला. त्यानं आपल्या शर्टाकडं बघितलं. वाळलेल्या रक्तात त्याचं कुठलं, प्रविणचं कुठलं आणि मास्तरचं कुठलं, आता ओळखू येत नव्हतं.

"धर्मराज मास्तरचा," तो म्हणाला. "मास्तर दवाखान्यात हाय, अंबाजोगाईला. पोरगंबी तिथंच हाय. तिकडंच जा तुमी."

"दवाखान्यात? काय झालं त्याला?"

"मी मारलं."

परदेशींच्या खांद्यावरची जाळी घसरली. दोन चेंडू सुटून स्टँडच्या आवारात गडगडत गेले. राधाकिशननं ते उचलून आणले, शर्टाच्या स्वच्छ बाजूनं पुसले आणि त्यांच्या हातात दिले. मग तो पोलीस ठाण्याच्या रस्त्याला लागला.