फोरमनचा शनी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर एक मोठा गोल काढला, त्याच्या आत लहान गोल आणि त्याच्याही आत पेनाचं टोक टेकवलं.

"पूर्वी एवढं दिसायचं, आता एवढं दिसतंय. वर्षभरानंतर हा ठिपका. कदाचित तोही नाही."

"काही औषध?" फोरमनच्या बायकोनं विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवून पेनाला टोपण लावलं.

फोरमन एकोणतीस वर्षं छापखान्यात होता. आधी त्याचं अंधारातलं दिसणं गेलं, मग कडेचं. आता जग नळकांड्यातून बघितल्यासारखं समोर तेवढं उरलं होतं. कागद कापायच्या यंत्राखाली बोटं जाता जाता वाचली, तेव्हा तो रजा टाकून घरी बसला. "डोळ्यांचं कुणाजवळ बोलायचं नाही," त्यानं बायकोला बजावलं. "लोकांची कीव मला झेपायची नाही."

दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. ताट तसंच परत जाई. आठव्या दिवशी तो आपणहून बोलला ते एवढंच, "शनीची कडी बघायची राहिली."

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यानं शाळेच्या पुस्तकात शनीचं चित्र छापलं होतं. तेव्हापासून खरा शनी बघायचं चाललं होतं. आधी घर आलं, मग मुलीचं शिक्षण, मग आईचं आजारपण. शनी काय, पळून थोडाच जातोय?

बायको काजं-बटणं करायची. तिनं हातातलं काम बाजूला सारलं आणि चष्मे, भिंगं, दुर्बिणी विकणारं दुकान गाठलं. काउंटरमागे डोळ्याला भिंग लावून एक म्हातारे गृहस्थ कॅमेरा उघडून बसले होते.

"मोठी दुर्बीण दाखवा," ती म्हणाली. "शनी बघायचाय."

"लोक शनी टाळायला बघतात, तुम्ही शोधायला निघालात," म्हातारबुवा हसले. "यापूर्वी कधी आकाश बघितलंय?"

"नाही."

"मग टेलिस्कोपच्या नादी लागू नका. नवख्याला त्यात एक तारा सापडत नाही, आठवड्यात टेलिस्कोप माळ्यावर जातो. ही दोन डोळ्यांची घ्या. हलकी आहे, आभाळाचा मोठा तुकडा दिसतो. कडी नाही दिसायची, पण आधी आभाळाशी ओळख तर होऊ दे."

तिच्या जिभेवर खरं कारण आलं होतं. नवऱ्याला दिलेला शब्द आठवून तिनं ते गिळलं आणि दुर्बीण घेऊन घरी आली.

संध्याकाळी दोघं गच्चीवर गेली. फोरमननं दुर्बीण डोळ्यांना लावली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"काय दिसतंय?"

"काळं," तो म्हणाला. दुर्बीण तिच्या हातात देऊन भिंत चाचपत तो जिना उतरला. मधली एक पायरी चुकली. "मला आता काही दाखवायला नेऊ नकोस," खाली बसूनच तो म्हणाला. तिनं हात पुढे केला. तो त्याला दिसला नाही.

सकाळी ती दुकान उघडायच्या आधीच दारात उभी होती. या वेळी तिनं सगळं सांगून टाकलं; डॉक्टरांचा कागद, पेनाचं टोक, सगळं. बोलता बोलता रडू फुटलं.

म्हातारबुवांनी भिंग खाली ठेवलं. "ताई, हे काल सांगायचं होतंत. मोठं आभाळ घेऊन ते काय करणार? त्यांना एकच ठळक गोष्ट हवी, बरोबर मधोमध." त्यांनी आतून एक लांब नळी आणि तिवई आणली. "हिच्यात आभाळाचा चिमूटभर तुकडा दिसतो. पण कडी दिसेल. शोधायचं काम मात्र तुमचं. आणि घाई करा. शनी सूर्याकडे सरकतोय. पंधरा दिवसांत मावळतीच्या उजेडात बुडेल."

त्यांनी दुपारभर तिला दूरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरायला शिकवलं.

पहिले चार दिवस ढग होते. पाचव्या दिवशी शनी सापडला आणि धक्का लागून निसटला. सहाव्या दिवशी पुन्हा निसटला. फोरमन तिच्या आग्रहाखातर स्टुलावर बसे. अकराव्या संध्याकाळी समोरच्या इमारतीवर शनी वीतभरच उरला होता. तिनं श्वास रोखून स्क्रू फिरवला. पिवळसर दाणा, भोवती तिरपी कडी. शेजारी बारीकसा ठिपका, शनीचा चंद्र असावा.

"अहो, या. नळीला हात लावू नका."

तो वाकला. तिनं त्याची मान धरून डोळा भिंगावर आणला.

"नाही."

"जरा डावीकडे."

"नाही गं. राहू दे."

"अजून थोडं. तो सरकतोय, लवकर."

त्यानं मान तसूभर सरकवली. तिथंच धरून ठेवली.

"दिसला," तो म्हणाला.

तिला खरं वाटेना. आपल्या समाधानासाठी तो म्हणत असेल. "कडी कशी आहे, सांगा."

त्यानं तिचा तळवा ओढून घेतला आणि त्यावर बोटानं तिरपी रेघ काढली. अंगठ्याकडे खाली, करंगळीकडे वर. अगदी तशीच.

"आणि शेजारचा ठिपका?"

"ठिपका नाही दिसला," तो म्हणाला. मग तिथंच, तिवईला कपाळ टेकवून तो रडला. डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदाच. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. इमारतीमागे शनी गेला तेव्हा दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.