लोखंड मिसळलेली फळी

मानोरा गावातल्या आरा मशीनमागे विकासचं टिनाचं शेड होतं. मशीनवरचा लाकडाचा भुसा आणि शेजारच्या लेथवर पडणारा लोखंडाचा कीस, दोन्ही वाया जायचे. विकास ते चाळून, रेझिनमध्ये कालवून, गरम प्रेसखाली दाबून फळ्या काढू लागला. नुसत्या भुशाच्या फळीत स्क्रू ढिला पडतो. याच्या फळीत तो असा रुतून बसायचा, की काढणाऱ्याचं मनगट दुखावं. सुतार लोक नावाजत होते.

पण सुरुवातीच्या काही फळ्यांत कीस फार पडला होता. करवतीचे दात जायचे म्हणून त्या कोणी घेईना. टाकून द्यायला विकासचं मन होईना, म्हणून तो त्यांचे तुकडे ओळखीच्यांना वाटायचा. शेडवर भुशाची पोती भरायला तांड्यावरच्या गोमतीबाई यायच्या. त्यांनी नव्या खोलीत विजेची बटणं बसवायला फळी मागितली.

"घेऊन जा ना मावशी," विकास म्हणाला. "कधी तुटाची नाई."

बटणं बसवली तांड्यावरच्याच राजपालने. तो पुण्यात वायरिंग शिकून आला होता. पावसाळ्यात भिंत ओलावली, फळीने ओल धरली. एके सकाळी गोमतीबाई धुणं सोडून ओल्या हाताने दिवा बंद करायला गेल्या आणि दारापर्यंत फेकल्या गेल्या. जीव वाचला, पण मनगट मोडलं, बोटं भाजली.

विकास दवाखान्यात भेटायला गेला, तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या.

"आला का बापू? बरं झालं. त्या राजपालनं मारूनच टाकलं असतं मले. वायर उघडी सोडली म्हनतात पोट्ट्यानं."

फळीत लोखंड आहे, हे विकासच्या मनात चमकून गेलं. तरी तोंडातून निघालं, "हो ना."

घरी न जाता तो सरळ शेडवर गेला. त्याच खेपेतला तुकडा ओला केला, मध्ये छोटा बल्ब जोडून दोन बाजूंना बॅटरीच्या तारा लावल्या. बल्ब मिणमिणला. त्याने तारा काढल्या, पुन्हा लावल्या. बल्ब पुन्हा लागला.

मग त्याची अन्नावरची वासना उडाली. बायको राखी विचारायची, "जेवत काहून नाई तुमी?" तो भूक नाही म्हणायचा. राजपालला तांड्यावर कोणी काम देईना, तो बायकोला घेऊन ऊसतोडीला निघालाय, हे राखीकडूनच त्याला कळलं. त्या दिवशी ताट तसंच ठेवून तो उठला आणि तांड्यावर गेला.

राजपाल बिछाना बांधत होता. विकासने त्याला गोमतीबाईंच्या दारात नेलं. शेजारीपाजारी जमले, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, राजपालची चूक नाई. म्या देल्ल्या फळीत लोखंडाचा कीस होता. ओल लागली अन् तिच्यातूनच करंट आला."

गोमतीबाई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फळीचं तुले ठाऊक नसन. पन दवाखान्यात 'हो' काहून म्हनलं?"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं विकासला वाटलं.

राजपालने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मेन बंद केला, फळी उखडली, सागाचा तुकडा लावून बटणं पुन्हा बसवली. लोक आता त्याला चार दिवस थांब म्हणत होते. "मुकादमाले शब्द देल्ला," एवढंच बोलून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून विकास वाटलेले तुकडे परत आणायला निघाला. पहिल्याच घरी नानीबाईने दार अडवलं. "काहून नेतं रे? इतकी मजबूत फळी कुठी भेटते?"

विकासने गोमतीबाईंच्या हाताचं, राजपालचं, आपल्या गप्प बसण्याचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. अजून कितीतरी घरं बाकी होती.