भिंतीवरची यादी

शनिवारी सकाळी मोटरसायकल चौथ्या किकला सुरू झाली आणि दमेकऱ्यासारखी खोकायला लागली, तेव्हा माझ्या मुलीनं आधी माझ्याकडे पाहिलं, इंजिनकडे नाही. सोमवारी साडेआठला तिला एकवीस किलोमीटरवरच्या कारखान्यात पहिल्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. त्या रस्त्याला बस जात नाही, आणि पहिल्याच दिवशी न आलेल्याची जागा दुसऱ्याला देऊ, असं पत्रात स्वच्छ छापलं होतं. मला ती नोकरी पसंत नव्हती आणि ते मी महिनाभर उठता-बसता सगळ्यांना ऐकवलं होतं, पण म्हणून मी गाडी बिघडवीन? एकतीस वर्षं मी यंत्रं दुरुस्त केली. यंत्राशी कधी बेइमानी केली नाही, माणसांचं माणसांनी बघावं.

"बाबा, काल तर नीट होती."

"मग कालच जायचं होतंस."

अंगणाच्या भिंतीवर मी खडूनं यादी लिहिली : प्लग, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर, पेट्रोल. माझी पद्धत घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण जेवताना मीठ कमी पडलं तरी मी ती सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फरक पडला नाही तर ती निर्दोष, तिच्यावर काट मारायची, होती तिथे परत बसवायची आणि पुढे जायचं. जी काढल्यावर इंजिन सुधारेल ती दोषी. तिच्यावर काट नाही, आणि ती परत बसवायचीही नाही, सरळ भंगारात.

संध्याकाळपर्यंत चारही नावांवर काट बसली. नवा प्लग, धुतलेला जेट, ताजं पेट्रोल, सगळं झालं, तरी इंजिन दोन ठोके नीट मारायचं, तिसरा गिळायचं. रविवारी सकाळी ही चहा घेऊन आली आणि नेमकं तेव्हाच ते जास्त अडखळलं. निदान मला तसं वाटलं.

"तू आत जा बघू."

"अहो, माझा काय संबंध?"

"जा म्हटलं ना."

ती गेली. फरक पडला नाही. मी यादीत खाली 'बायको' असं लिहून त्यावर काट मारली. मुलगी हसली, मग माझा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं. दारातल्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या आईला मी आत पाठवलं, तेव्हा तिनं "अरे, आता आईला पण तपासणार का?" असं विचारलं आणि गुडघे धरत उठली. फरक नाही. मुलीला गच्चीवर पाठवलं. फरक नाही. त्या दोघींचीही नावं लिहून मी काट मारली आणि तिघींना परत बोलावलं, कारण पद्धत म्हणजे पद्धत.

उरली प्लगची वायर. ती आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात निघताना मी मुलीला बजावलं, "बंद पडू देऊ नकोस." फाटकाबाहेर दहा-बारा पावलं गेलो असेन, आणि मागचा आवाज बदलला. एकसारखा, भरदार, एकही ठोका न चुकता. मी जागच्या जागी थांबलो, मग मागे आलो. फाटकाला हात लावून ते उघडताच तिसरा ठोका गिळला गेला. पुन्हा लांब गेलो, पुन्हा ठोका नीट लागला. असं मी पाच वेळा केलं. समोरचा शिंपी मशीन थांबवून माझ्याकडे बघत होता.

आत आलो तेव्हा तिघी इंजिनभोवती उभ्या होत्या.

"कोणी काय केलंत?"

"कोणी काहीच नाही केलं," ही म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि मला त्याची भीती वाटली, हे आता लपवून काय उपयोग? तिनं भिंतीकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणता ना, एका वेळी एकच. अजून एकदा जाऊन या. फक्त तपासायला."

मी आईकडे पाहिलं. ती इंजिनकडे बघत होती. मुलीकडे पाहिलं. "जा ना, बाबा," ती हळूच म्हणाली, "उद्या साडेआठला पोचायचंय मला."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. पद्धत माझीच होती. मी कोपऱ्यापर्यंत गेलो, वायर घेतली, आणि परत येताना ते सुरेख चाललेलं इंजिन ऐकत राहिलो. त्या आवाजाच्याही वर माझ्या आईचं हसणं ऐकू आलं. ती शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना. या वेळी मी फाटकाला हात लावला तरी ठोका चुकला नाही, कारण फाटक उघडलंच नाही. आतून कडी होती.

"अगं," मी म्हणालो. मग जरा मोठ्यानं, "अगं, मी आहे."

फाटकाच्या पत्र्याच्या फटीतून भिंत दिसत होती. ही खडू घेऊन यादीपाशी उभी होती. मुलीच्या नावाखाली तिनं ठळक, सावकाश अक्षरात लिहिलं : बाबा. मी काट मारायची वाट पाहत राहिलो. तिनं क्षणभर इंजिनाला कान दिला, खडू फळीवर ठेवला आणि हात झटकून आत गेली.