आरतीचा पेनड्राईव्ह

मी तालुक्याच्या कचेरीतला एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं फार तापलेलं आहे. पंख्यात धूळ साचली म्हणून नव्हे, माणसांच्या वागण्यानं.

मी नवा होतो तेव्हा लोक चपला बाहेर काढून माझ्या खोलीत येत. दहा हेलपाटे घालणाऱ्यांना एका खेपेत दाखला मिळू लागला. मग नव्याची नवलाई सरली. माझा पासवर्ड लक्षात राहीना, म्हणून जुने लिपिक महारुद्र भाऊसाहेबांनी तो चिठ्ठीवर लिहून माझ्याच कपाळावर चिकटवला. दाराला कुलूप घालायचं आणि किल्ली कडीलाच टांगायची, त्यातला हा प्रकार!

नवी लिपिक अर्पिता तेवढी जीव तोडून सांगायची, "भाऊसाहेब, फायलींची एक प्रत दुसरीकडं ठेवू या."

"ठेवू की. दसरा तर होऊ द्या."

यंदा खंडेनवमीला कचेरीत यंत्रांची पूजा झाली. मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आरती वाजवायला भाऊसाहेबांनी देवीच्या मांडवातल्या भोंगेवाल्याचा पेनड्राईव्ह आणला.

"आधी तपासू द्या," अर्पिता म्हणाली.

"अहो मॅडम, देवीच्या आरतीत कसला आलाय व्हायरस!"

आणि खुपसला माझ्यात. आरती दणक्यात झाली, पेढे वाटले.

दसऱ्याची सुट्टी संपवून मला चालू केलं, तर एकही फाईल उघडेना. त्यातच तामलवाडीच्या समृद्धीच्या जातीच्या दाखल्याचे कागद होते. नुसती मोठ्या साहेबांची सही राहिली होती. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता आणि कॉलेजात दाखला देण्याचा शेवटचा दिवस नेमका तोच होता.

तिची आई सखूबाई मेंढरं दिराच्या हवाली करून सकाळीच आली.

"सायेब, आज देतो म्हनला हुता न्हवं?"

"मशीन बिघडलंय, मावशी. नव्यानं अर्ज करा," भाऊसाहेब खाली मान घालून म्हणाले.

"तवर पोरीची जागा ऱ्हातीय व्हय?"

मशीन बिघडलंय! मला एवढा संताप आला की काय सांगू. स्वतः खुशाल रोग आणून घातला आणि नाव माझं! सखूबाईनं माझ्यावरचं वाळलेलं कुंकू पाहिलं अन् हात जोडले.

"देवा, माज्या लेकीचा कागूद तेवढा दे रं."

मी काय देणार? समृद्धीची जागा गेली. आता ती आईबरोबर मेंढरांमागं जाते. मला दुरुस्त केलं, नवा पासवर्ड दिला, आणि भाऊसाहेबांनी तोही चिठ्ठीवर लिहून कपाळावर चिकटवला.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्यासमोर बसेल. पासवर्ड डोक्यात ठेवा, परका पेनड्राईव्ह लावू नका, उठताना मला उघडं टाकू नका, कागदांची दुसरी प्रत ठेवा. हार नाही घातला तरी चालेल. माझ्यापुढं हात जोडलेली बाई रिकाम्या हातानं परत गेली, तर ती पूजा मला पोचत नाही.