आबाच्या हातची भाकरी

ज्वारीच्या मुलखात राहून गव्हाचा आजार व्हावा, यात म्हटलं तर नशीबच होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी प्रेमचे रिपोर्ट पाहून सांगितलं, की या पोराच्या आतड्याला गहू सोसत नाही. पोळी, पाव, बिस्किट, शेवया, सगळं जन्मभरासाठी बंद. तेव्हा त्याची आई शिवकन्या रडायचीच काय ती बाकी राहिली होती. सासरे रामलिंग मात्र बाकावरून शांतपणे म्हणाले, "मग भाकर खाईल की. आमी काय दुसरं खातो व्हय?" सासऱ्यांना शिवकन्या मामा म्हणायची आणि प्रेम आबा म्हणायचा. मामांच्या त्या एका वाक्यानं तिला एवढा धीर आला, की परतीच्या एसटीत ती थेट नळदुर्ग येईपर्यंत झोपली.

घरात भाकरी मामाच करायचे. शेजारच्या बायका याला हसायच्या, पण भाकरी थापताना त्यांना चोरून बघायच्याही. मामांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मुलगा शंभू तान्हा असताना बायको गेली, तेव्हापासून रानात तीन दगडांवर तवा टाकायचा, आपणच थापायचं आणि आपणच पोराला भरवायचं. आता तो शंभू एसटीत कंडक्टर होता, आठवड्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर. शिवकन्या नगरपरिषदेत पाणीपट्टीच्या खिडकीवर. गुडघे गेल्यावर मामांनी मेंढरं विकली आणि नातवाला सांभाळायला घरी बसले. त्यांची भाकरी पातळ, काठापर्यंत सारखी, तव्यावर टाकली की टम्म फुगायची. शिवकन्येची जाड व्हायची आणि कडेला फाटायची, हे ती स्वतःच कबूल करायची.

बाकीची लढाई तिनं अंगावर घेतली. गिरणीत गव्हावर ज्वारी पडते म्हणून हप्त्यावर घरघंटी आणली. हिंगात मैदा असतो हे कळलं, त्या दिवशी हिंगाची डबी घराबाहेर गेली. मसाला, पापड, चिवडा, खोकल्याचं औषध, जे जे पोराच्या तोंडात जाईल त्याचं पाकीट उलटं करून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचायची तिला सवयच लागली. किराणा दुकानदार ईरण्णा तिला लांबून बघून म्हणायचा, "आल्या, वाचनालय उघडा." ती हसायची नाही. हसण्याएवढं त्राण संध्याकाळी कुणात असतं? पण प्रेमचं फुगलेलं पोट उतरलं, गाल भरले, तो गल्लीत सायकल दामटायला लागला. तेवढ्यावर ती दिवस ढकलत होती.

दिवाळी सरली, कोरडी थंडी पडली. मामांच्या हातांना अशा भेगा गेल्या, की पीठ मळताना ते दात आवळायचे. शिवकन्येनं मेडिकलमधून चांगली गुलाबाच्या वासाची क्रीम आणून दिली. "मामा, सकाळ, दुपार, संध्याकाळ लावायची. विसरायचं नाही." आपल्या हातांसाठी कुणी काही आणावं याचं मामांना भारी अप्रूप. सून म्हणाली तसं ते दिवसातून तीनदा, वेळ न चुकवता, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा क्रीम चोळायचे.

आणि त्याच थंडीत प्रेमचं पोट पुन्हा दुखायला लागलं. जुलाब, चिडचिड, रात्रीचं दचकून उठणं, सगळं जुनं परत आलं. सोलापूरला नेलं, रक्त काढलं. डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "ताई, कुठून तरी गहू जातोय. शोधा."

शोधा म्हणे! शिवकन्येनं घर उलथंपालथं केलं. पोराचे खिसे झाडले, त्याचं तोंड हुंगलं, शाळेतल्या बाईंना दोनदा भेटली. सगळीकडून हात हलवत परतली, तेव्हा तिला यळवस आठवली. मार्गशीर्षातल्या त्या वेळ अमावस्येला मामा प्रेमला रानात घेऊन गेले होते, आणि यळवशीच्या पंगतीत गव्हाची खीर असतेच.

"मामा, खीर दिली का त्याला?"

"न्हाय गं माय. भज्जी दिली, बाजरीचं उंडं दिलं, आंबील दिली. खीर न्हाय."

"बोटाला लावूनसुद्धा नाही?"

"न्हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळी कामावर जाताना ती विचारायची, संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारायची. विचारताना आवाज चढायचा, तो तिलाही ऐकू यायचा, पण थांबता यायचं नाही. शंभू घरी असला की भिंतीकडं बघून म्हणायचा, "बास करा आता," आणि हे बास कुणी करायचं ते सांगायचा नाही. नुसतं दमलेलं माणूस झोपून बरं होतं. दमून संशयाला लागलेलं माणूस झोपतच नाही, तसं तिचं झालं होतं.

एका संध्याकाळी मामा काठवटीशी बसले होते. प्रेम आत पोट धरून कण्हत होता. शिवकन्येनं दारातूनच विचारलं. मामांनी हातातली भाकरी तशीच ठेवली. पिठानं भरलेले हात गुडघ्यांवर टेकले आणि खाली बघत म्हणाले, "व्हय. दिली खीर. नंतरबी दिलं कायबाय. बिस्किट मागायचं लेकरू, तवा दिलं."

खरं सांगायचं तर शिवकन्येला राग यायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. चोर सापडला होता. मग राग आला, आणि आला तो महिनोन्महिन्यांचा साचलेला आला.

"एक दिवस तुमच्याच हातनं मरंल हे लेकरू," ती म्हणाली.

उरलेल्या भाकरी मामांनी थापून संपवल्या, काठवट धुऊन पालथी घातली. सकाळी कापडाची पिशवी घेऊन ते जळकोटकडं निघाले. त्यांचा पुतण्या बलभीम तिकडं एका शेतात खतासाठी मेंढरं बसवून होता. क्रीमची ट्यूब त्यांनी देवळीत नीट उभी करून ठेवली होती. "तुझं औषध ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले. शंभूनं बापाची पिशवी स्टँडपर्यंत नेली आणि परत आल्यावर दिवसभर बायकोशी बोलला नाही.

मामा गेले आणि प्रेम बरा झाला. आठ-पंधरा दिवसांत पोट दुखायचं थांबलं. आता याहून मोठा पुरावा कुठला? शिवकन्येनं तो आल्यागेल्याला, फोनवर आईला, ऑफिसातल्या सोनालीला सांगितला. सांगताना ती जिंकलेली असायची आणि सांगून झालं की उगाच उदास व्हायची. संध्याकाळी प्रेम दाराशी बसून विचारायचा, "आबा कधी येणार?" आणि ती म्हणायची, "बघू."

कामाचा मात्र तिच्यावर डोंगर कोसळला. पहाटे उठून घरघंटी लावायची, भाकरी थापायच्या, पोराचा डबा, धुणं, भांडी, मग खिडकीवर बसून लोकांच्या पाण्याच्या तक्रारी ऐकायच्या, आणि परत येऊन हेच सगळं पुन्हा उलट्या क्रमानं. रोजच्या थापण्यानं भाकरी थोडी सुधारली. हातांची मात्र वाट लागली. सोड्यानं आणि गार पाण्यानं बोटं उलली. एका सकाळी मीठ भेगेत गेलं, डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा तिला देवळीतली ट्यूब दिसली. फुकट कशाला घालवायची, म्हणून ती लावायला लागली.

थोड्याच दिवसांत प्रेम पुन्हा पोट धरून बसला.

आता विचारायचं कुणाला? घरात तर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिनं शाळेवर संशय घेतला, शेजारच्या निकितावर घेतला, शेवटी शंभूला गाडीवर फोन करून झापलं. तो म्हणाला, "आता मीबी व्हय म्हणू का?" आणि फोन ठेवला. त्याचं बोलणं तेव्हा तिच्या डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रेमला दूधभाकरी कुस्करून दिली. घास तोंडात घेऊन पोरगं एकदम खुललं. "आई, आज आबाच्या भाकरीवानी लागली!"

"कशी रे?"

"तसाच वास येतो. गोड गोड, फुलासारखा."

शिवकन्येनं आपला हात नाकाशी नेला. मग ताटली नाकाशी नेली. पोराच्या पुढ्यातून तिनं ती ओढून घेतली तेव्हा ते रडायला लागलं, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं ट्यूब उलटी केली. गहू, मैदा, रवा, असलं काही नव्हतं. लांबच लांब अवघड नावं होती, इंग्रजी अक्षरांतली, आणि त्यांत एक ट्रिटिकम काहीतरी. तिनं फोनवर ते एकेक अक्षर टिपलं. खाली गव्हाच्या लोंबीचा फोटो आला.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "कातडीतून काही जात नाही, ताई, त्याची भीती नाही. पण हाताचं तोंडात जातंच की. लिपस्टिक, ओठांचं मलम, टूथपेस्ट, हाताची क्रीम. त्यावर गव्हाचं नाव असं लॅटिनमध्ये घालतात, कुणाला कळणार? कोण स्वयंपाक करतं घरात?"

चमच्यानं ढवळायची भाजी असती तर इतकं बिघडलं नसतं. पण भाकरीचं पीठ हातानं मळायचं, हातावर घ्यायचं, पाणी लावून हातानंच थापायचं. सुनेनं सांगितलं म्हणून म्हाताऱ्यानं तीन वेळा क्रीम चोळली होती आणि त्याच हातांनी नातवाला जेवू घातलं होतं. तिनं जगातली सगळी पाकिटं वाचली होती, हे एक सोडून. हे तर तिनंच आणलं होतं. तिला स्वतःची एवढी लाज वाटली, की ती मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धूत बसली.

रविवारी ती प्रेमला घेऊन जळकोटला उतरली. हायवेवर ट्रक धडाडत होते, पण बांधावरून थोडं आत गेलं की नुसता मेंढरांचा आवाज. ज्वारी काढलेल्या रानात बलभीमचा कळप बसवलेला होता. मामा बाभळीखाली बसले होते. वाळले होते. प्रेम "आबा!" करत पळत सुटला. मामांनी त्याला दोन्ही दंडांनी जवळ घेतलं, पण हाताचे पंजे मात्र पाठीमागं लांब धरले, त्याला लागू नयेत असे.

शिवकन्येनं ते पाहिलं. येताना एसटीत जुळवलेलं सगळं बोलणं ती तिथंच विसरली. समोर खाली मातीत बसली आणि जसं सुचेल तसं सांगितलं. क्रीम, गहू, भाकरी, तिचं स्वतःचं लावणं, पोराचं पुन्हा दुखणं. मामा नीट ऐकत होते. मध्येच त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजी मलमातनं गेलं," ते म्हणाले.

"मी आणलेल्या मलमातनं. मामा, तुम्ही खीर दिलीच नव्हती. बिस्किट दिलंच नव्हतं. मग व्हय कशापायी म्हणालात?"

मामा मेंढरांकडं बघत म्हणाले, "तू लई दमली व्हतीस, माय. रोज इचारायचीस. जेवत नव्हतीस, झोपत नव्हतीस. म्हणलं, कुणीतरी व्हय म्हणल्याबिगर हिला झोप न्हाय लागायची. आन म्या हिकडं आलो, लेकरू बरं झालं. मग मलाच वाटाया लागलं, दिलंबी आसंल म्या. इसरलो आसंन. हितं बसून लई आठवलं, पर आठवंना."

शिवकन्येनं पदर तोंडाला लावला. प्रेम काही न कळून कधी आईकडं, कधी आजोबाकडं बघत होता.

"घरी चला," ती म्हणाली.

"येतो की. नातू सोडून कुठं करमतंय? पर भाकरी तूच थाप. म्या हात लावायचा न्हाय." मामांचा आवाज शांत होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. "उद्या त्याचं पोट पुन्ना दुखंल. लेकरूच हाय. तू पुन्ना मला इचारशील. आन म्या पुन्ना व्हय म्हणंन. न्हाय न्हाय म्हणायची ताकत न्हाय ऱ्हायली आता."

'विचारणार नाही' हे शब्द तिच्या तोंडाशी आले होते. ते बोलायला सोपे होते आणि मामांना बरं वाटलं असतं. पण ती स्वतःला ओळखून होती. पोरगं कण्हायला लागलं की ती विचारणारच, ज्याला त्याला विचारणार, देवालाही सोडणार नाही. खोटं बोलून नेलेला माणूस पुन्हा खोटं बोलूनच जाईल, एवढं आता तिला कळलं होतं.

"विचारीन, मामा," ती म्हणाली. "मला विचारल्याशिवाय राहवणार नाही. पण तुम्ही न्हाय म्हणालात, की त्यावर दुसऱ्यांदा विचारणार नाही. एकदाच."

मामांनी तिच्याकडं पहिल्यांदा सरळ पाहिलं. प्रेमला मांडीवरून हळूच उतरवलं, मुंडासं नीट केलं, आणि पाठ ताठ करून बसले.

"मग आत्ता इचार," ते म्हणाले.

"काय?"

"तेच. रोज इचारायचीस ते."

लांब हायवेवर एक ट्रक हॉर्न देत गेला. मग ती म्हणाली, "मामा, प्रेमला गव्हाचं काही दिलंत का?"

"न्हाय," मामा म्हणाले. "कवाच न्हाय दिलं, माय. एक कण न्हाय."