माझं मत
सुल्मा बोलायला उभी राहिली की माझ्या पोटात दुखायचं. कोचाबांबा शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर पाण्याचा टँकर कोणत्या गल्लीत कधी येणार, हे मोबाइलवर सांगणारा प्रोग्राम आम्ही नऊ जणांनी लिहिला होता. त्यातला निम्मा माझा. पण वस्तीतल्या बायका मलाच विचारायच्या, "सुल्मा नाही आली?"

मग एका परदेशी संस्थेने नवे सर्व्हर देऊ केले. बदल्यात हवी होती घरोघरची नावं आणि पाण्याच्या वापराची नोंद. मला ते खटकलं, पण मी गप्प बसले. सुल्मा बोलली.

"लोकांनी ही माहिती पाण्यासाठी दिलीय. त्यांना न विचारता वाटणारे आपण कोण?"

टाळ्या पडल्या. ते माझ्याच मनातलं वाक्य होतं. मत घेतलं तेव्हा चार विरुद्ध चार झाले, आणि मी हात वर केला तो संस्थेच्या बाजूने.

"सर्व्हर रोज झोपतोय, बाईसाहेब," मी म्हणाले. "तत्त्वांवर चालवणार का?"

रामिरो तिच्या बाजूचा. तिला म्हणाला, "पासवर्ड तुझ्याकडेच आहेत. बंद कर सगळं, येतील वठणीवर."

"आणि उद्या बायकांनी डबे घेऊन कुठे उभं राहायचं? भांडण आपलं आहे, त्यांचं नाही," सुल्मा म्हणाली.

गटातून बाहेर पडताना तिने सगळे पासवर्ड माझ्या हाती दिले, एकेक समजावून. मग आपला आक्षेप स्वतःच्या नावाने लिहिला आणि आधी आम्हालाच दाखवला. "काही खोटं असेल तर सांगा." मी चूक शोधत दोनदा वाचला. एक स्वल्पविराम सापडला. तो कागद घेऊन ती वस्तीवस्तीत गेली आणि वाचून दाखवला.

तिसऱ्या आठवड्यात वस्तीतली दोन्या फोर्तुनाता चाळीस बायका घेऊन आमच्या खोलीवर आली. "नावं आमची आहेत ना? मग आम्हाला विचारा." यादी अजून गेली नव्हती. पुन्हा मत घेतलं, आणि संस्थेला नकार कळवला.

सुल्मा गटात परतली त्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं. "तेव्हाही मला तुझं पटलं होतं."

"मग हात का वर केलास, बेत्साबे?"

"तू बोललीस म्हणून."

"पुढच्या वेळी आधी तू बोल," ती एवढंच म्हणाली.

ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितलेली नाही. तेही मला खुपतं.